लहान बोटीला जहाजाचा नकाशा का पुरत नाही

सागरी नकाशे मुळात घडले ते मोठ्या जहाजांसाठी. ज्या जहाजाचा दहा-बारा मीटर भाग पाण्याखाली असतो, त्याच्या कप्तानाला उथळ पाण्याविषयी एवढेच कळले तरी पुरे, की तिकडे जायचे नाही. हौशी नावाडी नेमका तिथेच जातो. त्याच्या बोटीला दीड-दोन मीटर पाणी चालते आणि रात्री नांगर टाकायला त्याला किनाऱ्यालगतचा आडोसा हवा असतो. म्हणून जहाजाच्या नकाशात निळ्या रंगाच्या एका पट्ट्यात उरकलेला भाग त्याच्या नकाशात सर्वांत तपशीलवार असावा लागतो: एक, दोन, तीन मीटरच्या समखोली रेषा, तळ चिखलाचा की खडकाचा, डोलकाठी अडेल अशा विजेच्या तारा.

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. खोली मोजतात ती अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, पुलाखालची उंची मात्र भरतीच्या पातळीपासून. दोन्ही हिशेब सुरक्षिततेसाठीच आहेत, पण ते एका ओळीच्या तळटीपेत दडवण्यापेक्षा प्रत्येक पानावर छोट्या आकृतीत दाखवलेले बरे.

प्रमाणही पाहावे लागते. 1:40,000 प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे 40 मीटर. 20 मीटर रुंदीची वाट पेन्सिलीच्या रेघेखालीच गडप होते. बंदराच्या तोंडासाठी 1:10,000चा वेगळा चौकोन द्यावाच. मोठा कागद हलत्या बोटीत उलगडत नाही, म्हणून ए3 पाने सोयीची. मात्र मोठा नकाशा नुसता कापून चालत नाही. शेजारच्या पानांवर थोडा भाग पुन्हा यावा आणि प्रत्येक पानाच्या कडेला अक्षांशाची मोजपट्टी राहावी, कारण अंतर तिच्यावरच मोजतात: 1 मिनिट म्हणजे 1 सागरी मैल, 1,852 मीटर. रात्री डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून लाल विजेरी वापरतात, तिच्या उजेडात लाल शाई दिसेनाशी होते, किरमिजी (मॅजेंटा) दिसते.

पडद्यावरच्या नकाशाचा धोका वेगळा. दृश्य लहान केले की गर्दी टाळण्यासाठी तपशील गाळला जातो. 2014च्या व्होल्वो ओशन रेसमध्ये ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची बोट हिंदी महासागरात कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर आदळली, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. लहान दृश्यात तिथे खडक असल्याचे नीट उमगत नव्हते. उथळ खडकाची खूण कोणत्याही झूमवर गाळू नये, मग नकाशा थोडा कुरूप दिसला तरी हरकत नाही.

उलट, दृश्य फार मोठे केले तर खोटा नेमकेपणा दिसतो. जीपीएस बोटीची जागा काही मीटरांत सांगते, पण सर्वेक्षण किती भरवशाचे हे सांगणाऱ्या दर्जांपैकी ‘सी’ दर्जाच्या सर्वेक्षणात खडकाच्या जागेतच 500 मीटरपर्यंत चूक धरलेली असते. अशा भागातल्या रेषा तुटक काढाव्यात, गुळगुळीत वळणदार नव्हे, आणि सर्वेक्षणाचे वर्ष कोपऱ्यातल्या तक्त्यात न ठेवता त्या पाण्यावरच छापावे.