कॉम्प्युटर सगळ्यांचा, फाइल मात्र आपली

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी राहणाऱ्या तिघाचौघांनी वर्गणी काढून घेतलेला डेस्कटॉप असो, नाहीतर कोथरूडच्या घरात आजोबांच्या पेन्शनपासून नातीच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं ज्यावर चालतं तो लॅपटॉप असो, त्यावर आधार, फॉर्म १६, भाडेकरार, बँकेची स्टेटमेंट्स साठत जातात. त्यांच्या रक्षणासाठी बहुतेक जण विंडोजला पासवर्ड लावतात आणि निर्धास्त होतात. पण हा पासवर्ड फक्त विंडोजमध्ये कुणाला शिरू द्यायचं एवढंच ठरवतो. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकुराचा सांकेतिक अवतार, नसेल तर डिस्कवरची फाइल उघडीच असते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, की ती वाचता येते. तेव्हा विंडोज चालूच नसतं, मग पासवर्ड विचारणार कोण?

तरीही सुरुवात अकाउंटपासूनच करावी. वापरणाऱ्या प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्या आणि ते 'स्टँडर्ड' प्रकारचं ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट एकच असावं, तेही सॉफ्टवेअर टाकण्यापुरतं. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या डिस्कवर प्रत्येक फोल्डरला परवानग्यांची यादी जोडलेली असते. त्यामुळे एका स्टँडर्ड अकाउंटला दुसऱ्याचं डॉक्युमेंट्स फोल्डर उघडता येत नाही. ॲडमिनला मात्र 'कंटिन्यू' दाबलं की प्रवेश मिळतो आणि ती परवानगी पुढेही तशीच राहते.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. 'विंडोज उडालं तरी डेटा वाचेल' म्हणून सगळं महत्त्वाचं डी ड्राइव्हवर ठेवलं जातं. अशा वेगळ्या पार्टिशनवर विंडोज मुळातच सर्व अकाउंटना वाचण्याची आणि बदलण्याची मुभा देतं. म्हणजे वेगळी अकाउंट करूनही डी ड्राइव्हवरचा भाडेकरार सगळ्यांसाठी खुलाच राहतो.

फोल्डर 'लॉक' करणारी जी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांतली बरीचशी फोल्डर नुसतं लपवतात किंवा त्याचं नाव बदलतात. आतल्या मजकुराला हात लागलेला नसतो, म्हणून लिनक्समधून पाहिलं की सगळं दिसतं. आणखी एक फसवी सुरक्षितता डाउनलोड केलेल्या ई-आधारची. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. अनोळखी माणसाला तो शोधावा लागेल, पण खोलीत सोबत राहणाऱ्याला ही माहिती तोंडपाठ असते.

बिटलॉकर ही विंडोजमधलीच सोय पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करते. लॅपटॉप चोरीला गेला किंवा डिस्क दुरुस्तीला गेली तर ते फार उपयोगी पडतं, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी जरूर वापरावं; फक्त ४८ अंकी रिकव्हरी की मशीनबाहेर जपून ठेवावी. पण मशीन सुरू होऊन डिस्क उघडली की ती सगळ्याच अकाउंटसाठी उघडते. शेजारी बसणाऱ्या माणसापासून वेगळं कुलूप हवं असेल, तर ज्याची किल्ली फक्त आपल्याजवळ असेल असा कंटेनर, म्हणजे आत फाइली ठेवायची एक एन्क्रिप्टेड फाइल, करावा लागतो.

त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उत्तम आहे. ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या सॉफ्टवेअरच्या आधारावर ते २०१३ मध्ये आलं. मूळ ट्रूक्रिप्ट २०१४ मध्ये बंद पडलं, ते आता वापरू नये. 'क्रिएट व्हॉल्यूम' दाबा, 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' आणि मग 'स्टँडर्ड' निवडा. फाइलची जागा आपल्याच यूजर फोल्डरमध्ये द्या, अल्गोरिदम एईएस (एन्क्रिप्शनसाठी) आणि एसएचए-५१२ (पासवर्डपासून किल्ली काढण्यासाठी) तसेच राहू द्या. कागदपत्रांच्या पीडीएफसाठी २ जीबी पुष्कळ होतात. आत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवायची नसेल तर फाइल सिस्टिम फॅट चालेल. शेवटी खिडकीत माउस हवा तसा फिरवत राहायचं. त्या अनियमित हालचालीतून किल्लीसाठी यादृच्छिक आकडे मिळतात, म्हणून तिथे घाई नको. पुढे ड्राइव्हचं एखादं मोकळं अक्षर निवडून 'माउंट' केलं की कंटेनर नेहमीच्या ड्राइव्हसारखा दिसतो.

नेमकी याच टप्प्यावर चूक होते. माउंट केलेला कंटेनर मशीनवर लॉगिन असलेल्या इतर अकाउंटनाही दिसतो. चहाला उठताना 'स्विच यूजर' करून दुसऱ्याला मशीन दिलं, तर त्याला तो ड्राइव्ह सरळ उघडता येतो. म्हणून उठण्याआधी डिसमाउंट करा (नव्या आवृत्तीत 'अनमाउंट'), म्हणजे कंटेनर पुन्हा बंद करा, आणि प्रेफरन्सेसमध्ये लॉग ऑफ, स्क्रीन लॉक आणि स्लीपच्या वेळी आपोआप डिसमाउंट होण्याच्या खुणा करून ठेवा. हायबरनेटमध्ये मेमरीतलं सगळं, किल्लीसकट, डिस्कवर उतरू शकतं. कंटेनर उघडा ठेवून तो पर्याय वापरू नका.

पासवर्डपासून किल्ली काढताना व्हेराक्रिप्ट एसएचए-५१२ चं गणित नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच लाख वेळा करतं, म्हणून उघडायला क्षणभर लागतो. अंदाज लावणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढंच गणित करावं लागतं. तरी पासवर्ड 'पुणे४११०३०' छापाचा असेल तर या मेहनतीचा उपयोग नाही. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द घ्या, एकूण लांबी २० अक्षरांच्या वर. अभंगाची ओळ किंवा म्हण नको, ती ओळखीची असते. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणार असाल तर स्पेलिंग आधीच पक्कं करा: 'पावसाळा' मध्ये एक ए की दोन, डब्ल्यू की व्ही, हे सहा महिन्यांनी आठवलं नाही तर फाइल गेली. 'फरगॉट पासवर्ड' ची सोय इथे नाही.

कंटेनरमध्ये प्रत ठेवून मूळ फाइल डिलीट केली, तरी ती रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघू शकते. फिरत्या हार्ड डिस्कवर रिकामी जागा पुसून टाकता येते, एसएसडीवर मात्र त्याचा भरवसा नाही, कारण ती नवा डेटा कुठे लिहायचा हे स्वतःच ठरवते. त्यापेक्षा फाइल पहिल्यापासून कंटेनरमध्येच सेव्ह करावी. ब्राउझरच्या डाउनलोडची जागाही बदलून घ्यावी.

एन्क्रिप्शन वाचणं थांबवतं, डिलीट करणं नाही. म्हणून बॅकअप लागतोच, आणि त्यातही एक खाच आहे: व्हेराक्रिप्ट कंटेनरची 'शेवटचा बदल' ही तारीख मुद्दाम तशीच ठेवतं, त्यामुळे तारीख पाहून चालणारी बॅकअप सॉफ्टवेअर त्याला बदललेला मानत नाहीत. तारीख तशीच ठेवण्याची खूण प्रेफरन्सेसमध्ये काढता येते. गुरुवारी देखभालीसाठी अचानक वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर उघड्या कंटेनरमधली फाइल सिस्टिम बिघडू शकते. कंटेनरच्या सुरुवातीचा हेडर, म्हणजे किल्ली जिथे साठवलेली असते तो छोटा भाग, खराब झाला तर पासवर्ड बरोबर असूनही तो उघडेलच असं नाही. 'टूल्स' मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून ती छोटी फाइल घरातल्या पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे कधी पासवर्ड बदललात तर ती जुनी प्रत नष्ट करून नवी काढा, कारण जुन्या हेडरने आणि जुन्या पासवर्डने तोच कंटेनर तेव्हाही उघडतो.