बाण टेकतो ती जागा

अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन, पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत पानगळ सुरू झाली की लाखो लोक रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. दुकानात चर्चा रंगते ती धनुष्य किती वेगाने बाण फेकते यावर. बाण कुठे लागणार हे मात्र बऱ्याच अंशी ठरवतो तो मुठीच्या वर स्क्रूने बसवलेला एक छोटा भाग, ॲरो रेस्ट. दोरी ओढून धरलेली असताना बाणाचा पुढचा भाग याच्यावर टेकलेला असतो.

जुन्या लाकडी धनुष्यात बाण दांड्याच्या कडेला, कित्येकदा थेट हातावरच टेकवत. दांडा वाटेत आडवा, त्यामुळे दोरी सुटली की बाण माशासारखा वळवळत त्याला वळसा घालून जाई. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने ही वळवळ टिपली. पुढे मिसुरीच्या हॉलेस ॲलन यांना टोकांशी चाके बसवलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट 1969 मध्ये मिळाले. आजच्या कंपाउंड धनुष्याचा मधला भाग एका बाजूने पुरेसा कापलेला असतो, म्हणून बाण दोरीच्या रेषेत सरळ जाऊ शकतो. अडचण उरते ती पिसांची. पुढे निघालेल्या बाणाची शेपटी रेस्टला घासली, तर सगळे मुसळ केरात.

थोडा हिशेब करू. बाण सेकंदाला सुमारे 85 मीटर वेगाने सुटतो आणि दोरी त्याला साधारण अर्धा मीटर ढकलते. म्हणजे तो दोरीवर असतो जेमतेम 12 मिलिसेकंद. एवढ्या वेळात हातातून सोडलेली वस्तू पाऊण मिलिमीटरही खाली येत नाही. मग बाणाला टेकू शेवटपर्यंत हवाच कशाला? ‘ड्रॉप-अवे’ रेस्ट याच हिशेबावर चालते. तिची बारीक दोरी धनुष्याच्या केबलला, म्हणजे चाकांवरून जाणाऱ्या दुसऱ्या दोरीला, बांधलेली असते. धनुष्य ओढले की रेस्ट वर येते, सोडले की झटकन खाली पडते आणि पिसे मोकळ्या जागेतून निघून जातात. या बारीक दोरीची लांबी चुकली आणि रेस्ट उशिरा पडली, तर पिसे आपटतातच. हे तपासायला तिकडचे लोक पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे रेस्टवर फवारतात. बाण मारल्यावर पावडरीत ओरखडा दिसला की समजायचे, घासतेय.

दुसरा प्रकार म्हणजे आखूड केसांच्या ब्रशचे कडे. बाण त्याच्या मधल्या भोकात बसतो. हलणारा भाग नाही, धनुष्य कसेही कलले तरी बाण पडत नाही. केस झिजतात, पिसे त्यांतूनच घासत जातात, वेग किंचित घटतो. तरी झाडावरच्या मचाणावर थंडीत तासन्‌तास बसणाऱ्या नवशिक्याला मी हेच सुचवेन. स्पर्धेचे गणित वेगळे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले तो प्रकार कंपाउंडचाच. पण मैदानावर बहुतेक नेमबाज पोलादी पातळ पातीची रेस्ट वापरतात. जंगलात तिच्यावरून बाण घसरायला एक हिसका पुरतो.

आवाजाकडेही बघावे लागते. कार्बनचा बाण धातूवर खरवडला की 18 मीटरवरचे हरीण कान टवकारते. म्हणून रेस्टवर मऊ फेल्टची पट्टी चिकटवतात.

आता जुळवणी. बाण दोरीशी काटकोनात आणि दोरीच्याच रेषेत बसवून सुरुवात करतात. मग चौकटीवर ताणलेल्या कागदातून साधारण दोन मीटरवरून बाण मारायचा. एक गोल भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा दिसल्या तर बाण सरळ गेला. पिसांनी भोकाच्या वर फाडले असेल तर शेपटी उंच, टोक खाली होते. रेस्ट केसभर वर घ्यायची.

कागदावर समाधान मानणारे बरेच आहेत. माझ्या मते खरी परीक्षा ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या रुंद पात्यांच्या फाळाची. सरावाचे गुळगुळीत टोक थोडे तिरके सुटले तरी मागची पिसे त्याला सावरून घेतात. ब्रॉडहेडची पाती मात्र पुढच्या टोकाला पंखांसारखी वारा धरतात आणि तिरकेपणा वाढवतात. दोन्ही टोके सारख्याच वजनाची घेऊन 20-25 मीटरवरून मारली की फरक उघडा पडतो. ब्रॉडहेड उजवीकडे लागत असेल तर रेस्ट डावीकडे, खाली लागत असेल तर वर. एका वेळी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि दोन्ही दिशा एकदम हलवायच्या नाहीत.

बऱ्याचदा सरकवून सरकवून रेस्ट मध्यरेषेपासून लांब जाते, तरी बाण जुळत नाहीत. तेव्हा दोष रेस्टचा नसतो. बाणाची काडी त्या धनुष्याला फार लवचीक पडते, चाक कलते, किंवा धरणारा मूठ आवळून पिळतो. यातले शेवटचे आधी तपासावे; त्याला पान्हाही लागत नाही.