इंग्रजीतील भूतकाळ

घडून गेलेली क्रिया सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापद-रूपांची मांडणी परंपरेने साधा, अपूर्ण, पूर्ण आणि पूर्ण-अपूर्ण अशा चार भूतकाळांत केली जाते. यांपैकी साध्या भूतकाळाचे रूप एकाच शब्दाचे असते. उरलेले तिन्ही 'वॉज', 'वेअर' किंवा 'हॅड' या साहाय्यक क्रियापदांच्या आधाराने बनतात. मराठीप्रमाणे कर्त्याच्या वा कर्माच्या लिंगानुसार रूप बदलत नाही.

नियमित क्रियापदांना लागणारा 'ईडी' हा प्रत्यय लेखनात एकच असला, तरी उच्चारात त्याची तीन रूपे होतात: 'वॉक'सारख्या अघोष (उच्चारताना स्वरतंतू न कंपणाऱ्या) व्यंजनान्त धातूनंतर 'ट्', 'प्ले'सारख्या स्वरान्त किंवा घोष (स्वरतंतू कंपणाऱ्या) व्यंजनान्त धातूनंतर 'ड्' आणि 'वाँट'प्रमाणे धातूच्या शेवटीच ट् वा ड् असेल तर 'इड'. अनियमित रूपे बहुधा रोजच्या वापरातल्या क्रियापदांचीच आहेत, कारण सतत तोंडी असलेले रूप सहसा मोडत नाही. 'सिंग–सँग' हा स्वरबदल जर्मेनिक भाषांचा जुना वारसा आहे; 'वेन्ट' मात्र मुळात 'गो'चे नसून 'वेंड' या निराळ्याच क्रियापदाचे आहे. साध्या भूतकाळातील नकारार्थी वाक्यात काळाचा भार 'डिड' उचलतो, म्हणून पुढे मूळ रूप येते आणि 'डिड नॉट वेन्ट' ही रचना चुकीची ठरते.

मराठी भाषकाची खरी अडचण रूपांपेक्षा पूर्ण भूतकाळाच्या निवडीत होते. 'मी काल त्याला भेटलो होतो' हे वाक्य मराठीत दुसऱ्या घटनेच्या आधाराविना उभे राहते; इंग्रजीत तेथे सामान्यतः 'आय मेट हिम येस्टरडे' असा साधा भूतकाळच हवा. 'हॅड मेट' म्हणताच 'कशाच्या आधी?' हा प्रश्न उभा राहतो, कारण ते रूप भूतकाळातील एखाद्या क्षणाच्याही मागे घडलेली क्रिया दाखवते. 'व्हेन वी अराइव्ह्ड, द ट्रेन लेफ्ट' यात आपण पोहोचलो आणि गाडी सुटली. 'हॅड लेफ्ट' म्हटले, तर पोहोचलो तेव्हा फलाटावर गाडीच नव्हती. 'आफ्टर' किंवा 'बिफोर' या शब्दांनीच क्रम स्पष्ट होत असल्यास साधा भूतकाळही चालतो.

पूर्वीची सवय 'युज्ड टू'ने व्यक्त होते. मराठीच्या रीतिभूतकाळातील 'जात असे' त्याच्या जवळचे आहे. याशिवाय 'इफ आय न्यू' यासारख्या रचनेत रूप भूतकाळाचे असूनही कल्पना वर्तमानातली असते, जसे मराठीतले 'मला ठाऊक असते तर'.