वारसा-छाननी (जुने नाशिक)

वारसा-छाननी (जुने नाशिक) : ऐतिहासिक वस्तीतील दुकाने, वाडे व इतर इमारती यांच्या दर्शनी भागात करावयाचे फेरफार, वाढीव बांधकाम, मोठी दुरुस्ती किंवा पाडकाम यांचे प्रस्ताव काम सुरू होण्यापूर्वी तपासून परवानगी देण्याची, अटी घालण्याची वा नाकारण्याची पद्धत. नाशिकपुरते तिचे क्षेत्र म्हणजे गोदावरीच्या उजव्या तीरावरील गावठाण (सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली, तांबट आळी, तिवंधा, मेन रोड इ.) आणि डाव्या तीरावरील पंचवटीचा रामकुंड ते काळाराम मंदिर हा पट्टा.

गावठाण चढउताराचे आहे. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही (१८८३) आढळते. जुनी गढी, डिंगर आळी, महालक्ष्मी, गणपती, चित्रघंटा ही त्यांतली काही टेके. वेशी पडल्या तरी दिल्ली दरवाजा, त्र्यंबक दरवाजा ही नावे पत्त्यांत टिकून आहेत. जुन्या गढीवर (काझीची गढी) पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननामुळे वस्तीची प्राचीनता ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे गेली. जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांतील बहुतेक वाडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंतचे असावेत. वाड्यावर बांधकामाचा लेख क्वचितच असतो आणि एकाच वाड्यात दोन-तीन पिढ्यांची कामे मिसळलेली असतात, म्हणून नेमके साल देण्यापेक्षा टप्पा सांगणे बरे. मंदिरांची स्थिती थोडी बरी आहे. नारोशंकर मंदिर १७४७ चे व सुंदरनारायण मंदिर १७५६ चे मानले जाते. सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेल्या काळाराम मंदिराचे काम मात्र सु. १७८२ ते १७९४ या दरम्यान निरनिराळ्या सालांत दाखविले जाते.

उगम : या छाननीचा आरंभ कोठे मानावा याविषयी तीन प्रकारे मांडणी करता येते. पहिलीनुसार तो पेशवाईतील कोतवालीपर्यंत मागे जातो. पुण्याच्या कोतवालाकडे रस्ते, गल्ल्या, घरांच्या हद्दी व त्यांवरून होणारे तंटे यांची देखरेख असे. नाशिक अठराव्या शतकाच्या मध्यास मराठ्यांच्या ताब्यात स्थिरावल्यावर येथेही तशीच व्यवस्था आली असावी, असा हा तर्क. तो अशक्य नाही, पण त्याची सारी भिस्त पुण्याच्या कागदपत्रांवर आहे. शिवाय कोतवालाला वाट मोकळी राहण्याशी आणि सरकारी येणे वसूल होण्याशी कर्तव्य होते. शेजाऱ्याच्या सज्जाशी आपला सज्जा जुळतो की नाही, हा त्याच्या चिंतेचा विषय नव्हता.

दुसरी मांडणी नगरपालिकेपासून सुरू होते. नाशिकला नगरपालिका १८६४ मध्ये आली. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाच्या कलम ९६ नुसार नवे बांधकाम करणाऱ्यास आधी नोटीस द्यावी लागे आणि रस्त्याची नियमित रेषा, हवा, उजेड व सांडपाणी हे पाहून नगरपालिका हुकूम देई. काम सुरू होण्याआधी कागद तपासणे हा छाननीचा सांगाडा येथे प्रथम स्पष्ट दिसतो. इमारतीचे जुनेपण मात्र त्यात कोठेच मोजले जात नाही. जुने म्हणजे अनारोग्याचे, हीच त्या काळची नगरपालिकीय समजूत होती.

तिसरी मांडणी २१ एप्रिल १९९५ या तारखेकडे बोट दाखविते. त्या दिवशी बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम मंजूर झाले. यादीतील इमारतींची श्रेणी ठरविणे, वारसा समितीचा सल्ला घेणे व आयुक्ताची लेखी पूर्वपरवानगी बंधनकारक करणे ही रचना तेथे सिद्ध झाली आणि पुढे राज्यातील इतर शहरांच्या नियमावल्यांनी थोड्याफार फरकाने ती उचलली. वारसा जपणे हाच हेतू धरायचा तर हे तिसरे मत अधिक ग्राह्य ठरते. तथापि दुसऱ्या मांडणीतील रस्त्याच्या रेषेचा मुद्दा बाजूस सारता येत नाही, कारण तो आजही जिवंत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २१० व पुढील कलमांनुसार रस्त्याची नियमित रेषा आखता येते आणि तिच्या पुढे आलेली इमारत पाडून नव्याने बांधताना मागे घ्यावी लागते. चाळीस-पन्नास घरांच्या सलग भिंतीत एक घर तीन फूट मागे सरले की दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या आतल्या मातीच्या भिंती उघड्या पडून पावसाचा मारा खातात. गल्लीची दर्शनी सलगता मोडण्यात या जुन्या तरतुदीचा वाटा कोणत्याही नव्या फॅशनपेक्षा मोठा आहे.

कायदेशीर चौकट : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू व स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. तिचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. वारसा तरतुदींचा साचा मुंबईचाच आहे. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीही बदलता येत नाही. दुसरीत ‘अ’ व ‘ब’ असे पोटभाग असून आतील फेरफार व सुसंगत वाढ यांना वाव मिळतो. तिसरी श्रेणी गल्लीच्या रूपाला हातभार लावणाऱ्या इमारतींसाठी असून तीत पुनर्बांधणीही होऊ शकते. समितीचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते आणि आयुक्त कारणे नोंदवून ते बाजूस ठेवू शकतो. मालकाला अनुज्ञेय बांधकाम जागेवर करता आले नाही, तर हस्तांतरणीय विकास हक्काच्या (न वापरलेले बांधकाम दुसऱ्या जागी करण्याच्या वा विकण्याच्या हक्काच्या) रूपाने भरपाई मिळू शकते. रंगकाम, गिलावा व वैशिष्ट्यपूर्ण घटक बदलणे हेही परवानगीच्या कक्षेत येते, ही गोष्ट दुकानदारांना सहसा ठाऊक नसते.

राज्य संरक्षित स्मारके वेगळ्या, १९६० च्या अधिनियमाखाली येतात. सराफ बाजारातील सरकारवाडा हे त्याचे नाशकातील ठळक उदाहरण. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय दीर्घकाळ याच वाड्यात होते. केंद्रीय स्मारकांभोवतीच्या शंभर व त्यापुढील दोनशे मीटरच्या बांधकाम-मर्यादा (केंद्रीय स्मारक अधिनियमाची २०१० ची दुरुस्ती) सरकारवाड्यासारख्या स्मारकास लागू होत नाहीत. अर्जदार या दोन्हींची नेहमी गल्लत करतात.

दर्शनी भागाची रचना : छाननीत खरा कस लागतो तो येथे. नाशिकच्या वाड्याचे तोंड ही सजावटीची पाटी नसून इमारत उभी ठेवणारा सांगाडा आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर ओटा, ओट्याच्या आत दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे सागवानी खांब, खांबांच्या माथ्याला हात (आधाराचे लाकडी तोडे) आणि त्यांवर तुळई, असा भार उतरतो. वरच्या मजल्याचा सज्जा, कोरीव महिरपी व खिडक्यांची ओळ या तुळईच्या पुढे झेपावलेली असते आणि आतील कडीपाटाच्या (लाकडी कड्या व फळ्यांच्या छताच्या) वजनाने तोलून धरलेली असते. बाजूच्या व मागच्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. दुकानही खणातच मोजले जाई, एक खणी पेढी किंवा दोन खणी. बंद करण्यासाठी उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या खाचांत एकामागून एक फळ्या सरकवीत. फळ्यांचा क्रम चुकला तर शेवटची बसत नसे, म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. भांडी बाजाराच्या आसपासच्या एखाद्या बंद पेढीवर असे आकडे अजून दिसतात.

लोखंडी शटर येताच हे गणित बिघडले. शटरच्या गुंडाळीला वर सुमारे दीड फुटाची पेटी लागते. ती बसविण्यासाठी तुळईखालचे हात कापले जातात. दोन खणांचे एक मोठे तोंड करायचे झाले तर मधला खांब काढून लोखंडी गर्डर घालतात. गर्डरची टोके टेकतात ती बाजूच्या मातीच्या भिंतीवर, आणि एका ठिकाणी इतका भार घेण्याची त्या भिंतीची सवय नसते. काही वर्षांनी वरचा सज्जा रस्त्याकडे कलतो आणि दोष मात्र वाड्याच्या वयाला दिला जातो. अर्जात हेच काम ‘शटर बसविणे’ एवढ्या दोन शब्दांत मावते. परीक्षकाने दर्शनी चित्राऐवजी उभा छेद (इमारत वरून खाली कापल्यासारखा आतला सांगाडा दाखविणारा नकाशा) मागितला तर गोष्ट लगेच ध्यानात येते. छेदाशिवाय अर्ज दाखल करूनच घेऊ नये, हे मत संवर्धन वास्तुविशारदांत रूढ आहे आणि ते रास्त आहे.

गिलाव्याचेही तसेच. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा ती आत कोंडतो. मातीच्या भिंतीला सिमेंट थापले की ओल तळखड्याच्या उंचीवर साचते आणि खांबाचा बुंधा कुजतो. बाहेरून घर नवे दिसते. ॲल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यांचे आवरण हा मेन रोडवरील अलीकडचा प्रकार. तो खिळ्यांनी तुळईला ठोकला जातो, पण काढता येतो, आणि त्यामागे महिरप शाबूत सापडू शकते. शटर व गर्डर यांच्या मानाने हा अपराध किरकोळ. नजरेला सर्वांत खुपतो तोच, ही गोष्ट निराळी.

पाट्यांबाबत वारसा नियमांपेक्षा इतर कायद्यांचा प्रभाव अधिक आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने मराठी देवनागरी पाटी सर्व दुकानांना बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानंतर थोड्या काळात पुष्कळ पाट्या बदलल्या गेल्या. अक्षरांच्या तुलनेवर कायद्याचे लक्ष असते. पाटीची उंची, तिचा प्रकाश आणि ती खिडक्यांच्या ओळीवर चढते का, हे प्रश्न वारसा-छाननीकडे राहतात.

व्यवहार : गावठाणातील बहुतेक बदल वारसा समितीपुढे येतच नाहीत. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते (१९४९ चा अधिनियम, कलम २६४). मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू आणि भाऊबंद यांचे दावे चालू असलेल्या वाड्यात दुरुस्तीला पैसा कोणी घालायचा हे ठरत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालील नाममात्र भाड्यात कौले शाकारण्याचाही खर्च निघत नाही. एक-दोन पावसाळे गेले की नोटिशीतील ‘दुरुस्त करा अथवा उतरवा’ यांपैकी दुसराच पर्याय उरतो. एकदा वाडा उतरविला की छाननीसाठी मोकळी जागा राहते आणि त्यावर वारसा नियमांची पकड ढिली होते. धोकादायक इमारतीची तपासणी करणारा अभियंता व वारसा सल्लागार यांनी एकत्र पाहणी करावी, टेकू देऊन वाचणारा भाग आधी वेगळा काढावा, ही सूचना यामुळेच पुढे येते.

सराफ बाजारात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पाणी. दहीपूल–सराफ बाजार या खोलगट पट्ट्याखालून सरस्वती नाला वाहतो. मोठ्या पावसात तो तुंबतो आणि गोदावरीला पूर आला तर पाणी दोन्हीकडून येते. १९६९, २००८ व २०१९ या वर्षांचे पूर पेढीवाल्यांच्या बोलण्यात वरचेवर येतात. प्रत्येक पुरानंतर कोणी ओटा विटेच्या दोन थरांनी उंचावतो, कोणी उंबऱ्यापुढे पाणी अडविण्याची पट्टी बसवितो. रस्ता डांबराच्या थरांनी वर आला की ओटा पुन्हा बुटका होतो. जोत्याची दगडी रेषा बदलणे हा नियमानुसार दर्शनी बदलच, पण येथे तो हौसेचा नाही. रस्त्याची पातळी आणि ओट्याची उंची या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या तरच अशा अर्जावर काही निर्णय देता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर गावठाणातील रस्ते व वाहिन्यांची कामे निघाली, तेव्हा पातळीचा हाच वाद पुन्हा वर आला.

पंचवटी : येथे दुकानांपेक्षा धर्मशाळा, आखाडे व तीर्थोपाध्यायांची घरे अधिक. दर्शनी बदलांचा वेग सिंहस्थाच्या बारा वर्षांच्या फेऱ्याने ठरतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अरुंद गल्ल्यांची रुंदी हा सौंदर्याचा नव्हे तर सुरक्षेचा प्रश्न ठरला आणि २०१५ च्या सिंहस्थात शाही मार्गात (साधूंच्या स्नान-मिरवणुकीच्या मार्गात) बदल करण्यात आला. गर्दीचा मार्गच वळविला तर घरांची तोंडे छाटावी लागत नाहीत, हे त्यातून दिसले. वारसा नियमांतही रस्तारुंदीकरणाच्या रेषा यादीतील वास्तूंना बाधा न आणता आखाव्यात अशी तरतूद आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रुंदीकरणाचे प्रस्ताव तपासताना तीच कसोटी लागू होते.