सीझरचा खून : तहहयात पदाची पार्श्वभूमी

रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याला का मारलं असं विचारलं की बहुतेक जण लगेच मुकुटावर येतात, तो राजा व्हायला निघाला होता म्हणून मारला. मला हे अर्धंच उत्तर वाटतं. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला जे झालं त्याचं मूळ त्याआधीच्या पाच-सहा महिन्यांत आहे आणि त्यातही एका निर्णयात, तहहयात डिक्टेटर व्हायचं सीझरनं मान्य केलं त्यात.

आधीचं थोडक्यात सांगतो. रोमनी राजे हाकलून साडेचारशेच्या वर वर्षं झाली होती. डिक्टेटर हे पद मात्र कायद्यातलंच होतं, संकट आलं की सगळे अधिकार एका माणसाला द्यायचे आणि त्यानं जास्तीत जास्त सहा महिन्यांत ते सोडायचे. सुल्ला या सेनापतीनं इ.स.पू. ८२ साली ही मुदत धुडकावली, याद्या लावून माणसं मारली, पण शेवटी तोही स्वतःहून पायउतार झाला. सिनेटवाल्यांचा, म्हणजे रोमच्या मोठ्या घरांतली माणसं बसायची त्या सभेतल्यांचा, सगळा धीर या एकाच गोष्टीवर होता, माणूस कितीही वाईट असला तरी कधीतरी जाणार.

सीझरची मुदत मात्र वाढतच गेली. ४९ साली अकरा दिवस, फक्त निवडणुका घेण्यापुरती, मग एक वर्ष, ४६ साली एकदम दहा वर्षं, आणि ४४ च्या सुरुवातीला तहहयात. दहा वर्षंसुद्धा भयंकरच होती पण त्याला शेवट होता, पंचावन्न वर्षांच्या माणसाला ती पुरलीही असती. मग हे कशाला घेतलं? इथेच अभ्यासकांचं जमत नाही. काही म्हणतात पार्थियाची, म्हणजे आजच्या इराणकडच्या राज्यावरची, मोहीम हे कारण, १८ मार्चला तो निघणार होता, काही वर्षं बाहेर राहणार होता आणि मागे रोममध्ये कुणी उलटू नये म्हणून बंदोबस्त हवा होता. काही म्हणतात सिनेटच एकामागून एक मान त्याच्यावर लादत होती, त्यातले काही ठराव तर त्याचं नाव खराब व्हावं म्हणून विरोधकांनीच रेटले असं जुन्या लेखकांनीही लिहिलंय. असेलही तसं. पण ठराव कुणीही आणला तरी नाही म्हणणं त्याच्या हातात होतं ना! १५ फेब्रुवारीच्या सणात भर गर्दीत त्याचा साथीदार अँटनी यानं मुकुट पुढे केला तेव्हा त्यानं तो नाकारलाच की, आणि ज्युपिटरच्या देवळात पाठवून दिला. गर्दी खूश झाली. फक्त तोपर्यंत तहहयात पद घेऊन झालेलं होतं, म्हणजे सिनेटरांच्या दृष्टीनं त्या नकारानं काहीच बदललं नाही.

आणि त्यांचं दुखणं नुसतं तत्त्वाचं नव्हतं. मोठ्या घरात जन्मलेला मुलगा तिथे एकाच आशेवर वाढायचा, पायरी पायरीनं चढत एक दिवस कॉन्सुल, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, व्हायचं, लोकांच्या मतांवर, भावकीतल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. आता सीझर पुढच्या दोन वर्षांचे कॉन्सुल आधीच ठरवून निघाला होता. ४५ च्या ३१ डिसेंबरला एक कॉन्सुल वारला तर वर्षाच्या उरलेल्या काही तासांसाठी त्यानं दुसरा बसवला. त्या काळच्या सगळ्यात मोठ्या वक्त्यानं एका मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे की या कॉन्सुलच्या कारकिर्दीत कुणी जेवलंच नाही, आणि लगेच पुढे, की तू इथे असतास तर तुला रडू आवरलं नसतं. त्या वर्गाला काय वाटत होतं हे मला या पत्राइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

त्यात ट्रिब्यूनांचं, म्हणजे साध्या लोकांचे हक्क जपायला निवडलेल्या अधिकाऱ्यांचं, प्रकरण. त्याच्या पुतळ्यावर कुणीतरी मुकुट घातला, दोन ट्रिब्यूनांनी तो उतरवला, त्याला राजा म्हणून हाक मारणाऱ्यांना पकडलं, तर सीझरनं त्या दोघांनाच पदावरून काढायला लावलं. पाच वर्षांपूर्वी सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून यादवी सुरू करताना ट्रिब्यूनांच्या हक्कांसाठी लढतोय असं सांगणारा हाच माणूस, त्यामुळे साधी माणसंही दुखावली.

कटात साठेक जण होते आणि सगळे जुने शत्रू नव्हते हे फार महत्त्वाचं आहे. ब्रूटस, कॅशियस हे यादवीत पॉम्पीच्या बाजूनं असलेले आणि सीझरनं त्याला हरवलं त्या फार्सालसच्या लढाईनंतर माफी मिळालेले, आणि बरोबरीच्या माणसाकडून जीवदान घ्यावं लागणं हाही एक सल होताच, त्यात ब्रूटस हा सीझरचा कट्टर विरोधक आणि हरल्यावर आफ्रिकेतल्या युटिकात जीव दिलेल्या केटोचा भाचा आणि जावई. पण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, सीझरच्या हाताखाली लढलेले, त्याच्यामुळे मोठे झालेलेही कटात होते. त्यातल्या एकाचं नाव ४२ च्या कॉन्सुलपदासाठी ठरलेलं होतं, सीझरच्या मृत्युपत्रातही होतं, आणि त्या सकाळी घरी जाऊन सीझरला सभेला घेऊन आला तो हाच. नेमणुकीनं मिळणारं पद असल्या लोकांना पुरेना, असंच मी याकडे बघतो.

हे सगळे स्वातंत्र्यासाठी लढले हेही जपूनच घ्यायला हवं. याच ब्रूटसनं सायप्रसमधल्या एका शहराला ४८ टक्के व्याजानं कर्ज दिलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे त्यांच्या वर्गाचं स्वातंत्र्य. तरीसुद्धा शेवट नसलेली सत्ता कायद्यानं घालवायचा एकही रस्ता सीझरनं ठेवला नव्हता, आणि याचा दोष मी त्यालाच देतो.

तारीखही यातूनच ठरली. १८ ला तो सैन्यात गेला की हाती लागणार नव्हता, अंगरक्षक त्यानं आधीच सोडलेले, म्हणून १५ ची सभा, पॉम्पीच्या थिएटरला लागून असलेल्या सभागृहात, तेवीस वार.

पुढचं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. दोनच दिवसांनी सिनेटनं तडजोड केली, मारणाऱ्यांना माफी आणि सीझरचे सगळे निर्णय कायम. कारण तो जुलमी होता असं ठरवलं असतं तर त्यानं केलेल्या नेमणुकाही रद्द झाल्या असत्या, मारेकऱ्यांच्या स्वतःच्यासुद्धा! मग त्याच वर्षी अँटनीनं डिक्टेटरचं पदच कायद्यानं बंद केलं. इ.स.पू. २२ साली लोकांनी सीझरचा वारस आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला ते घे म्हणून गळ घातली तेव्हा त्यानंही नाकारलं, त्याला गरजच नव्हती, ट्रिब्यूनचे अधिकार त्यानं आदल्याच वर्षी तहहयात घेतले होते.