स्पेक्ट्रोस्कोपमध्ये काळ्या रेषा दिसत नाहीत? आधी फट तपासा

आमच्या स्पेक्ट्रोस्कोपची, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारी, नळी शाळेत पोहोचली की बहुतेक सर-मॅडमचा फोन येतो: रंग छान दिसतात, पण सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा दिसत नाहीत, ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी बारीक रेषांची फिल्म) खराब आलंय का? ग्रेटिंग सहसा ठीक असतं. कोणीतरी प्रकाश आत येण्याची फट रुंद केलेली असते.

नळीत अंधार वाटतो, म्हणून मुलं दोन ब्लेडांमधलं अंतर वाढवतात. रंग झगझगीत होतात आणि रेषा जातात. वर्णपटातली प्रत्येक रेषा ही त्या फटीचीच प्रतिमा असते. आमची नळी 20 सेंमीची, ग्रेटिंग मिलिमीटरला 1000 रेषांचं. या मापात 1 मिमी फटीला रेषा 5 नॅनोमीटर रुंद होते. हेलियमची पिवळी रेषा (तरंगलांबी 587.6 नॅनोमीटर) आणि तिच्या शेजारची सोडियमची (589.0) यांत अंतर जेमतेम 1.4. 1868च्या सूर्यग्रहणात दिसलेली पिवळी रेषा सोडियमची नाही, हे ठरायला बारीक फट लागतेच.

झेरॉक्सच्या साध्या कागदाची दोन पानं ब्लेडांच्या धारांमध्ये धरा, धारा कागदाला टेकवून स्क्रू आवळा, मग कागद सरळ ओढून काढा. फट सुमारे 0.2 मिमी राहते. वर्णपट सुतासारखा बारीक दिसला तर फटीचं टोपण 90 अंश फिरवा. पट्ट्याच्या लांबीभर आडव्या काळ्या रेघा दिसल्या तर त्या सूर्याच्या नव्हेत, फटीतल्या धुळीच्या. कोरड्या मऊ ब्रशने झटका.

नळी सूर्यावर कधीही रोखू नका. उन्हातला पांढरा कागद पुरतो. डोळा अंधाराला सरावू द्या, मग 486, 518, 589 आणि 656 नॅनोमीटरच्या आसपास काळ्या रेषा शोधा. 656ची सर्वांत उशिरा सापडते. एलईडी दिव्यात रेषा शोधू नका, तिथे नसतातच. जुनी ट्यूब किंवा सीएफएल असेल तर पाऱ्याच्या 436 आणि 546च्या रेषांवरून तरंगलांबीची पट्टी जुळवून घ्या.

फट चिकटवून का देत नाही, असंही विचारतात. चिकटवली तर रुंदी बदलली की काय होतं हे मुलांना दिसणार कसं? प्रयोगाचा अर्धा धडा तिथेच आहे. ग्रेटिंगच्या फिल्मला मात्र बोट लावू नका. बोटाचा ठसा पुसायला गेलात की फिल्मवरच्या रेषाच खरवडतात. अशी फिल्म आम्ही बदलून देत नाही, सुटी विकत मिळते.

तारे या नळीतून दिसणार नाहीत, तेवढा प्रकाश फटीतून येत नाही. तारा जवळ येताना किंवा दूर जाताना त्याच्या रेषा सरकतात, पण त्यावरून वेग मोजणं तर दूरच: 30 किमी प्रतिसेकंद वेगाला रेषा 500 नॅनोमीटरपाशी फक्त 0.05ने सरकते. दुर्बीण असलेल्या शाळांसाठी आयपीसशी (डोळ्याजवळच्या भिंगाशी) बसणारं वेगळं ग्रेटिंग आहे. तारा बिंदूसारखा असल्याने त्याला फट लागत नाही. अभिजित ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ठळक रेषा त्याने टिपता येतात. मागवताना आयपीसचा व्यास कळवा, 1.25 इंच की 2 इंच.