काउंटरच्या अलीकडे : कोल्हापुरातल्या जुन्या वाचनालयाची पार्श्वभूमी

भवानी मंडपाकडे जाणाऱ्या भाऊसिंगजी रोडवर करवीर नगर वाचन मंदिर आहे. तिथे, किंवा त्या पिढीतल्या राज्यातल्या कुठल्याही वाचनालयात, पहिल्यांदा जाणाऱ्याला सहसा तीन गोष्टी कोड्यात टाकतात. वर्तमानपत्र फुकट वाचता येतं, मग पुस्तक घरी न्यायला अनामत आणि वर्गणी कशाला? नवी कादंबरी हाताने चाळता येते, मग जुन्या पुस्तकासाठी चिठ्ठी का लिहून द्यायची? आणि संगणक "उपलब्ध नाही" म्हणत असताना देवघेव विभागातला जुना माणूस तेच पुस्तक आतून घेऊन येतो, हे कसं? या तिन्हींची उत्तरं तीन वेगवेगळ्या काळांत आहेत.

वाचन मंदिराची स्थापना 1850 सालची, म्हणजे शके 1772 ची. तेव्हाचं नाव होतं नेटिव्ह जनरल लायब्ररी. हे नाव त्या काळचा साचाच म्हणायचं. रत्नागिरीत 1828 पासून वाचनालय होतं आणि पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 मध्ये सुरू झाली. कोल्हापुरात 1844 साली गडकऱ्यांचं, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिबंदीचं, बंड झालं आणि त्यानंतर राज्यकारभारावर इंग्रजांची पकड बसली. वाचनालयाची कल्पना आली ती त्याच वाटेने. 'जनरल' म्हणजे सगळ्यांसाठी, असा आज आपण अर्थ लावतो. प्रत्यक्षात वर्गणी परवडेल त्याच्यासाठी, म्हणजे दरबारी नोकर, शिक्षक, वकील अशा मंडळींसाठी.

त्याच 1850 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा केला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या नगरांना ग्रंथालयासाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा मिळाली. गंमत अशी की तो पैसा इमारतीवर खर्च करता येत होता, पुस्तकांवर नाही. ती सोय 1855 मध्ये झाली. तरी तत्त्व ठरून गेलं : ग्रंथालय कराच्या पैशावर चालेल आणि वाचकाकडून दारात काही घ्यायचं नाही. आपल्याकडे साहेबांनी वाचनालय आणलं, कर आणला नाही. ते वर्गणीवर उभं राहिलं आणि वर्गणीवरच राहिलं.

मधल्या काळात वाचक वाढला तो शाळांमुळे. शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना पाठबळ दिलं आणि 1917 मध्ये संस्थानात मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. खेडेगावातून आलेला, खोलीत दिवा नसलेला, पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला विद्यार्थी शहरात राहू लागला. वाचनालयाचं आजचं सगळ्यात गर्दीचं दालन म्हणजे अभ्यासिका. तिचं मूळ इथे आहे, स्पर्धा परीक्षांच्या लाटेत नाही.

बडोद्याने याच सुमारास दुसरी वाट धरली. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या उभ्या केल्या. बडोद्यात हे राजाच्या इच्छेने झालं, कोल्हापुरात पुढे कायद्याने. छत्रपती अल्पवयीन असताना, 1945 मध्ये, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला हा पहिला ग्रंथालय कायदा. मद्रासचा कायदा 1948 चा. पुस्तकांत बहुतेक वेळा मद्रासचंच नाव पहिलं येतं, कारण मोजणी स्वतंत्र भारतापासून केलेली असते. कोल्हापूरकरांनी या तपशिलावर अडून बसायला हरकत नाही.

मात्र त्या कायद्याला वेळच मिळाला नाही. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईकडे स्वतःचा ग्रंथालय कायदा नव्हता. सगळ्या राज्यासाठी एकच कायदा व्हायला 1967 उजाडलं. मद्रासमध्ये ग्रंथालय उपकर होता, महाराष्ट्राने तो घेतला नाही. इथे संस्था लोकांच्याच राहिल्या आणि सरकारने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान सुरू केलं. अनुदान वर्षातून हप्त्यांनी येतं. ते उशिरा आलं की पहिली कात्री पुस्तकखरेदीला लागते, कारण पगार आणि वीजबिल थांबवता येत नाही. एप्रिलमध्ये मागणी नोंदवलेलं पुस्तक दिवाळीपर्यंत आलं नाही, तर त्यात ग्रंथपालाचा आळस शोधू नये. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही हेच : वर्तमानपत्रांचं टेबल मुक्तद्वार आहे, पण घरी जाणाऱ्या पुस्तकामागे वर्गणी असते. अनामत ही पुस्तक परत येण्याची हमी. ती सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणून पहिल्या दिवशीची पावती जपून ठेवावी. दहा वर्षांनी अनामत मागायला जाणाऱ्याकडे ती हमखास नसते.

आता चिठ्ठीकडे वळू. जुन्या वाचनालयांत सुरुवातीला सगळीच कपाटं कुलपात असत. वाचक काउंटरच्या अलीकडे आणि पुस्तकं पलीकडे. यादी बघायची, क्रमांक लिहायचा, शिपाई पुस्तक आणणार. ही रचना वाचकावरच्या अविश्वासातून आली, यात शंका नाही, पण कपाटांची मांडणीही तिला साजेशीच होती. पुस्तकं विषयवार नव्हे, आली त्या क्रमाने, म्हणजे दाखल अंकाने लावलेली. अशा कपाटासमोर वाचकाला सोडलं तरी त्याला काही सापडणार नाही. 4,112 व्या पुस्तकाशेजारी 4,113 वं असतं, मग एक वैद्यकावरचं आणि दुसरं नाटक का असेना.

मुक्तप्रवेश, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणं, आला तो दशांश वर्गीकरणासोबत, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देण्याच्या पद्धतीसोबत. त्यात मराठी साहित्याचा आकडा 891.46 आहे. पुढे 1 लागला की कविता, 2 लागला की नाटक, 3 लागला की कादंबरी आणि कथा. 891.463 पाठ असला की ही पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही शहरातल्या ग्रंथालयात कादंबऱ्यांचं कपाट न विचारता सापडतं. पण जुना साठा नव्या आकड्यांवर चढवणं महागात पडतं. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं, पाठीवरचं आकड्याचं लेबल बदलायचं, नोंदवही बदलायची. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नवं पुस्तक विषयाने आणि जुनं दाखल अंकाने, अशा दोन पद्धती एकाच छताखाली नांदतात. जुन्या पुस्तकाला चिठ्ठी लागते ती या कारणाने. चिठ्ठीवर शीर्षकापेक्षा दाखल अंक महत्त्वाचा. तो नसेल तर लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनवर्ष लिहावं. शके दिलेला असेल तर 78 मिळवायचे आणि जानेवारी ते मार्चमधला असेल तर 79.

मुक्तप्रवेशाची किंमतही आहे. काढलेलं पुस्तक वाचक "होतं तिथेच" ठेवायला जातो आणि दोन खण चुकतो. चुकीच्या खणातलं पुस्तक पुढच्या पडताळणीपर्यंत हरवल्यातच जमा. म्हणून पाटी असते : पुस्तके टेबलावर ठेवा. ती पाटी मनापासून लावलेली असते.

तिसरं कोडं संगणकाचं, आणि ते खरं तर शुद्धलेखनाचं आहे. मराठी लेखनाचे नवे नियम 1962 पासून लागू झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'पांच' असंच छापलेलं आहे. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठाप्रमाणे 'कांहीं' टाकलं असेल आणि शोधणाऱ्याने 'काही' लिहिलं, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'अॅ' आणि 'ऍ' चा, अर्ध्या र च्या दोन रूपांचा घोळ आणखी वेगळा. त्यात पहिल्या फेरीतल्या नोंदी अनेक ठिकाणी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये झाल्या. त्या नव्या प्रणालीत उतरवताना अक्षरं फुटली. फुटलेली नोंद शोधात कधीच येत नाही. दिसत नाही म्हणून कुणी दुरुस्तही करत नाही. उपाय साधा आहे : पूर्ण शीर्षक टाकू नये. ज्यात अनुस्वार, रफार, जोडाक्षर नाही असा एकच शब्द किंवा लेखकाचं नुसतं आडनाव टाकावं. तरीही नाही मिळालं तर छापील यादी किंवा कार्डांचे खण मागावेत, ते बहुधा टाकून दिलेले नसतात. जुन्या माणसाला पुस्तक सापडतं त्यामागे स्मरणशक्तीइतकीच ही यादी असते.

अभ्यासकाने एक फरक आधीच समजून घ्यावा. करवीर राज्याची मोडी दफ्तरं हवी असतील तर वाचनालयात त्यांची चौकशी करून उपयोग नाही. त्यासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. हस्तलिखितांसाठी शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाकडे जावं. विद्यापीठ 1962 चं, त्यामुळे तिथली सगळी शिस्त विद्यापीठीय आहे. वाचनालयाची खरी ताकद छापील मराठीत आहे : नियतकालिकांच्या बांधीव फायली, आणि दिवाळी अंक. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा वाचनालयांनीच घरोघरी पोहोचवली. थोडी जादा वर्गणी भरून हंगामभर अंक आळीपाळीने न्यायची योजना आजही नवे सभासद आणते.

जुनं पुस्तक हातात आलं की लोकांना एक आश्चर्य वाटतं. 1855 चं पुस्तक धडधाकट असतं आणि 1944 चं पान उलटताना कोपरा हातात येतो. 1855 चा कागद चिंध्यांपासून केलेला. पुढे लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यात तुरटी आणि राळेची खळ, म्हणजे आम्ल मुरलेलं. ते आतून धागे तोडत राहतं, कागद आधी पिवळा, मग तपकिरी, मग पापडासारखा होतो. महायुद्धाच्या टंचाईतला कागद या बाबतीत सगळ्यात वाईट. त्यावर कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवा ओली राहते, भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं. कसर शाईला हात लावत नाही, ती बांधणीतली गव्हाची खळ खाते. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालत ते याच कारणाने. जुजबंदी शिलाई, म्हणजे घडीच्या पानांचा एकेक गठ्ठा मधोमध शिवलेली बांधणी, असलेलं पुस्तक पुरतं उघडतं. कडेने टोचून शिवलेलं उघडत नाही. वाचक ते जोर लावून दाबतो आणि पाठ मोडते.

झेरॉक्सला नकार मिळतो तोही याचमुळे. काचेवर पुस्तक पूर्ण सपाट दाबावं लागतं, आणि अशा दोन-तीन वेळांत फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे होतात. परवानगी घेऊन मोबाइलने, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढणं बरं. पुस्तक काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडायचं, उघडी बाजू दुसऱ्या पुस्तकावर टेकवायची. बोटाला थुंकी लावायची नाही. फाटलेलं पान दिसलं तर सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद पाचसात वर्षांत कागदात उतरतो आणि तो तपकिरी पट्टा पुन्हा निघत नाही. पान तसंच ठेवून, पृष्ठक्रमांक चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी पुस्तकासोबत काउंटरवर द्यावी.